विश्लेषण : फाइल एकच, आकडे तीन! संगणक, फोन आणि क्लाउडवर आकार वेगवेगळा का दिसतो?

प्रवेशाचे किंवा नोकरभरतीचे अर्ज भरण्याचे दिवस आले की सायबर कॅफेत आणि घरोघरी एक दृश्य हमखास दिसते. संकेतस्थळ म्हणते, छायाचित्र ५० केबीपेक्षा मोठे नको. संगणक म्हणतो, छायाचित्र ४९.८ केबीचे आहे. तरीही ‘फाइलचा आकार मर्यादेपेक्षा जास्त’ असे लाल अक्षरांत उमटते आणि अर्ज पुढे सरकत नाही. तिकडे नवी कोरी एक टीबीची हार्ड डिस्क जोडली की विंडोज तिची क्षमता ९३१ जीबी सांगते. मॅकवर १६ जीबीचा दिसणारा फोल्डर गूगल ड्राइव्हच्या मोफत १५ जीबीत मात्र मावतो. दुकानदाराने फसवले, संकेतस्थळ बिघडले की फाइलच खराब झाली? बहुतेक वेळा यातले काहीच झालेले नसते. मात्र काही वेळा खरोखरच काहीतरी हरवलेले असते आणि तो फरक ओळखता आला नाही तर मूळ छायाचित्रे, दस्तावेज कायमचे जाऊ शकतात.

एकाच खोक्यावर दोन वेगळे जीबी?

नव्या फोनच्या खोक्यावर ‘८ जीबी + १२८ जीबी’ असे लिहिलेले असते. यातला पहिला आकडा रॅमचा, दुसरा साठवणुकीचा. दोन्हींपुढे जीबी हीच अक्षरे, पण मापे दोन. रॅममधला एक जीबी म्हणजे १,०७,३७,४१,८२४ बाइट. साठवणुकीतला एक जीबी म्हणजे १,००,००,००,००० बाइट, म्हणजे बरोबर एक अब्ज. एकाच खोक्यावर, एकाच ओळीत एकाच शब्दाचे दोन अर्थ छापलेले असतात आणि त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही.

फाइलचा खरा आकार बाइटमध्ये असतो आणि त्या आकड्यात कधीच वाद नसतो. एखादे छायाचित्र ५१,००० बाइटचे असेल तर ते विंडोजवर, मॅकवर, फोनवर आणि सर्व्हरवर ५१,००० बाइटचेच असते. गोंधळ सुरू होतो तो हा लांबलचक आकडा केबी, एमबी, जीबीत लिहिताना. एका पद्धतीत त्याला हजाराने भागतात, तर ५१ केबी येते. दुसऱ्या पद्धतीत १०२४ ने भागतात, तर ४९.८ केबी येते. अर्ज घेणाऱ्या सर्व्हरवरची मर्यादा ५०,००० बाइट अशी लिहिलेली असेल तर हे छायाचित्र परत येणार, ५१,२०० बाइट अशी लिहिलेली असेल तर स्वीकारले जाणार. अर्जदाराला दोन्हीकडे दिसते ते फक्त ‘५० केबी’.

१०२४ हा आकडा आला कुठून?

संगणकाची स्मृती शून्य आणि एक या दोनच अंकांवर चालते. स्मृतीतील प्रत्येक कप्प्याला क्रमांक द्यावा लागतो आणि तो क्रमांकही याच दोन अंकांत लिहावा लागतो. दहा अंकी जागा वापरली तर असे १०२४ कप्पे मोजता येतात. त्यामुळे स्मृतीच्या चिपा २५६, ५१२, १०२४ अशा दुपटीच्या पटीतच बनत गेल्या. १०२४ हा हजाराच्या इतका जवळ की अभियंत्यांनी सोयीसाठी त्यालाच ‘किलो’ म्हणायला सुरुवात केली. तेव्हा स्मृतीच इतकी तुटपुंजी होती की अडीच टक्क्यांच्या फरकाची कोणाला पर्वा नव्हती.

चकतीवर साठवणुकीचे तसे नाही. चकतीवर किती वर्तुळे आणि प्रत्येकात किती खंड हे तिच्या रचनेवर ठरते, त्याला दुपटीचे बंधन नाही. आयबीएमने १९५६ मध्ये आणलेल्या पहिल्या हार्ड डिस्कची क्षमताही ‘५० लाख अक्षरे’ अशी साध्या दशमान पद्धतीने सांगितली जाई. डिस्क बनवणाऱ्या कंपन्या आजही तसेच मोजतात. त्यात त्यांचा फायदा आहेच, कारण हजाराने भागले की आकडा मोठा दिसतो. पण ही केवळ अलीकडची चलाखी आहे, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही.

या दोन पद्धतींची सरमिसळ किती विनोदी होऊ शकते याचा नमुना म्हणजे जुनी १.४४ एमबीची फ्लॉपी. तिची क्षमता १४,७४,५६० बाइट. हजाराच्या हिशेबाने ती १.४७ एमबी व्हायला हवी, १०२४ च्या हिशेबाने १.४१. मग १.४४ कसे? तर १०२४ ला हजाराने गुणून त्याला एक एमबी मानले गेले. म्हणजे एका पायरीला एक पद्धत आणि पुढच्या पायरीला दुसरी. सीडीवरची ७०० एमबी १०२४ च्या हिशेबाने आणि डीव्हीडीवरची ४.७ जीबी हजाराच्या हिशेबाने, हेही असेच.

फरक वाढत का जातो?

केबीला फरक २.४ टक्के. पण प्रत्येक पायरीला तो पुन्हा गुणला जातो. एमबीला तो ४.९ टक्के होतो, जीबीला ७.४ आणि टीबीला जवळपास १० टक्के. म्हणूनच पूर्वी न जाणवणारी ही तफावत आता डोळ्यांत भरते. ५०० जीबीची डिस्क विंडोजमध्ये ४६५ जीबी दिसते, ६४ जीबीचा पेनड्राइव्ह साधारण ५९.६ आणि १ टीबी म्हणजे ९३१. यात एकही बाइट कमी झालेला नसतो. एक लाख कोटी बाइट विकत घेतले, एक लाख कोटी बाइट मिळाले. फक्त मोजणाऱ्याची फूटपट्टी मोठी आहे.

यावर तोडगा निघाला नाही का?

निघाला, पण रुळला नाही. आंतरराष्ट्रीय विद्युत-तांत्रिक आयोगाने, म्हणजे आयईसीने, १९९८ च्या अखेरीस १०२४ च्या पटीसाठी वेगळी नावे मंजूर केली. किबीबाइट, मेबिबाइट, गिबिबाइट अशी. किलो, मेगा, गिगा हे उपसर्ग फक्त दहाच्या घातांसाठीच वापरायचे, हे मापनाच्या आंतरराष्ट्रीय एकक पद्धतीतही स्पष्ट म्हटलेले आहे. म्हणजे नियमाने पाहिले तर १ जीबी म्हणजे एक अब्ज बाइटच.

आपल्याकडे असा एक बदल यशस्वी झाल्याचे उदाहरण आहे. १ एप्रिल १९५७ पूर्वी रुपयाचे १६ आणे आणि ६४ पैसे होत. गंमत म्हणजे १६ आणि ६४ हे दोन्ही आकडे संगणकाच्या दुपटीच्या हिशेबातलेच. दशमान पद्धत आली तेव्हा रुपयाचे १०० पैसे झाले. जुन्या पैशाशी घोळ होऊ नये म्हणून सरकारने त्यांना ‘नया पैसा’ असे वेगळे नाव दिले. १९६४ मध्ये जुना पैसा व्यवहारातून पुरता गेल्यावर ‘नया’ शब्दही काढून टाकला. तिथे निर्णय घेणारे एकच सरकार होते. इथे नवे नाव द्यायचे होते ते जुन्या, रुळलेल्या मापाला. आणि ते वापरायची सक्ती करणारे कोणीच नव्हते. त्यामुळे ‘गिबिबाइट’ प्रामुख्याने लिनक्स वापरणाऱ्यांत आणि तांत्रिक कागदपत्रांतच राहिले.

कोण कोणत्या पद्धतीने मोजते?

विंडोज १०२४ ने भागते आणि पुढे मात्र केबी, एमबी, जीबी असेच लिहिते. गोंधळाचे सर्वांत मोठे कारण हेच. ॲपलने २००९ मध्ये मॅकच्या ‘स्नो लेपर्ड’ आवृत्तीपासून हजाराचा हिशेब स्वीकारला. एका रात्रीत लोकांच्या डिस्कही ‘मोठ्या’ झाल्या आणि त्यांवरच्या फाइलीही. आयफोनवरही आता हाच हिशेब आहे. अँड्रॉइडमध्ये २०१७ च्या आठव्या आवृत्तीपासून मूळ प्रणाली हजाराने भागते, पण फोन कंपन्यांची स्वतःची फाइल ॲप अनेकदा १०२४ ला चिकटून आहेत. त्यामुळे एकाच फोनवरच्या दोन ॲपमध्ये एकाच व्हिडीओचे दोन आकार दिसू शकतात.

गूगल ड्राइव्ह १०२४ च्या बाजूचा. त्याच्या मोफत १५ जीबीत प्रत्यक्षात १६,१०,६१,२७,३६० बाइट मावतात, म्हणजे हजाराच्या हिशेबाने १६.१ जीबी. मॅकवरचा १६ जीबीचा फोल्डर तिथे बसतो तो यामुळे. उलट, मॅकवर ५२.४ एमबी दिसणारी फाइल ड्राइव्हवर चढवल्यावर ५० एमबी दिसली तर ‘अपलोड अर्धवट झाले’ म्हणून घाबरण्याचे कारण नाही.

हा वाद न्यायालयात गेला होता का?

अमेरिकेत अनेकदा. ८० जीबीची डिस्क घेतली आणि संगणकावर ७४ जीबीच्या आसपास दिसली, अशा तक्रारीवरून वेस्टर्न डिजिटलवर २००५ मध्ये ग्राहकांच्या वतीने सामूहिक दावा झाला. कंपनीचे म्हणणे असे की आम्ही बारा अंड्यांच्या खोक्यावर डझन लिहिले, काही बेकरीवाले डझनात तेरा मोजतात म्हणून आमच्यावर दावा कसला? तरीही २००६ मध्ये तडजोड झाली. ग्राहकांना मिळाले ते बॅकअप घेण्याचे मोफत सॉफ्टवेअर. सीगेटनेही २००७ मध्ये अशीच तडजोड केली. खोक्यांवर बारीक अक्षरांत ‘१ जीबी = १ अब्ज बाइट’ अशी तळटीप दिसते, तिच्यामागे हीच पार्श्वभूमी आहे.

पण पुढे पारडे फिरले. ६४ जीबीच्या पेनड्राइव्हवरून सॅनडिस्कविरुद्ध झालेल्या दाव्यात कॅलिफोर्नियातील संघराज्य न्यायालयाने २०२० मध्ये निकाल कंपनीच्या बाजूने दिला आणि २०२१ मध्ये अपील न्यायालयाने तो कायम केला. खोक्यावरच व्याख्या छापलेली असताना, आणि कॅलिफोर्नियाच्या कायद्यानेही मापांच्या दशमान व्याख्या स्वीकारलेल्या असताना, ग्राहकाची दिशाभूल झाली असे म्हणता येत नाही, असा त्याचा आशय. कायद्याने हे बरोबर असेलही. पण सामान्य ग्राहकाला विंडोजच्या पडद्यावर दिसणारा आकडा आणि खोक्यावरचा आकडा यांत मेळ घालायला तळटीप वाचावी लागते, ही स्थिती काही त्या निकालाने बदलली नाही.

फोनमधील ‘सिस्टीम’ इतकी जागा कशी खाते?

थोडी जागा खरोखरच खाते. अँड्रॉइड किंवा आयओएस, आधीच भरून दिलेली ॲप, अद्ययावतीकरणासाठी राखून ठेवलेला भाग, हे सगळे १२८ जीबीतूनच जाते. पण आकडा फुगण्याचे आणखी एक कारण आहे. २०२३ च्या फेब्रुवारीत सॅमसंगच्या गॅलेक्सी एस २३ मालिकेतील फोनमध्ये ‘सिस्टीम’ने ६० जीबीच्या आसपास जागा घेतल्याची चित्रे समाजमाध्यमांवर फिरली आणि बरीच टीका झाली. नंतर उलगडा झाला तो असा, की त्यातला मोठा वाटा एककांच्या फरकाचा होता. ५१२ जीबीची साठवणूक १०२४ च्या हिशेबाने ४७७ जीबी होते. उरलेले ३५ जीबी कुठे दाखवायचे? फोनने ते ‘सिस्टीम’च्या खात्यावर मांडले. प्रत्यक्षात ते कोणीच वापरलेले नव्हते, कारण ते नव्हतेच.

‘आकार’ आणि ‘डिस्कवरील आकार’ असे दोन आकडे का?

विंडोजमध्ये फाइलवर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ उघडले की हे दोन आकडे एकाखाली एक दिसतात. डिस्क जागा सुटी देत नाही, ठरावीक आकाराच्या खणांत देते. विंडोजच्या नेहमीच्या डिस्कवर हा खण ४ केबीचा असतो. ५ केबीच्या फाइलला दोन खण लागतात, म्हणजे ती ८ केबी जागा अडवते. दुसऱ्या खणातली उरलेली जागा दुसऱ्या कोणाला मिळत नाही. एसटीत एका माणसाने दोन आसनांचे तिकीट काढल्यासारखे.

मोठ्या पेनड्राइव्हवर हे जास्त जाणवते. ३२ जीबीपेक्षा मोठा पेनड्राइव्ह विंडोजने एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केला तर त्याचा खण १२८ केबीचा होतो. अशा पेनड्राइव्हवर पाच-पाच केबीच्या दहा हजार फाइली टाकल्या तर मजकूर भरतो ५० एमबी आणि जागा जाते सव्वा जीबीच्या आसपास. लेखापालांच्या, छायाचित्रकारांच्या किंवा शाळेच्या कार्यालयातल्या जुन्या नोंदींचे फोल्डर पेनड्राइव्हवर मावत नाहीत, यामागे अनेकदा हे असते. सगळे एका झिप फाइलीत बांधून टाकले की प्रश्न सुटतो.

क्लाउडवर आहे, पण संगणकावर नाही, असे कसे?

इथून पुढे केवळ मोजण्याचा प्रश्न राहत नाही.

विंडोजच्या वनड्राइव्हमध्ये, तसेच ॲपलच्या आयक्लाउडमध्ये, फाइलचे नाव संगणकावर दिसते पण मजकूर फक्त सर्व्हरवर असतो, अशी सोय आहे. अशा फाइलीचा ‘आकार’ २०० एमबी दाखवला जातो आणि ‘डिस्कवरील आकार’ शून्य. दोन्ही खरे. नावाशेजारी ढगाचे छोटे चिन्ह असते तेवढीच खूण. उघडायला गेले की फाइल इंटरनेटवरून येते. सभागृहात इंटरनेट नसेल तर येत नाही आणि सादरीकरण राहून जाते. लॅपटॉप विकण्यापूर्वी ‘सगळे इथेच तर आहे’ म्हणून क्लाउडचे खाते बंद केले तर आणखीच पंचाईत. फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘आकार’ आणि ‘डिस्कवरील आकार’ यांत प्रचंड तफावत दिसली, दुसरा आकडा फारच लहान असला, तर तो फोल्डर आपल्याजवळ नाही असे समजावे.

आयफोनवर ‘ऑप्टिमाइझ स्टोरेज’ सुरू असेल तर जागा कमी पडू लागल्यावर छायाचित्राची लहान प्रत फोनवर ठेवली जाते आणि मूळ प्रत आयक्लाउडवर. गूगल डॉक्स आणि शीट्सची गोष्ट आणखी वेगळी. त्यांची फाइल संगणकावर अशी नसतेच. ड्राइव्हच्या फोल्डरमध्ये दिसते ती नुसती दुव्याची चिठ्ठी, अगदी लहान. तीच वर्ड फाइल म्हणून उतरवून घेतली की तिला स्वतःचा वेगळा आकार मिळतो. जी-डॉकची ती चिठ्ठी पेनड्राइव्हवर टाकून ‘बॅकअप घेतला’ असे समजणाऱ्यांनी सावध व्हावे.

छायाचित्र खरोखरच लहान होते ते कुठे?

व्हॉट्सॲपवर. साध्या पद्धतीने पाठवलेले छायाचित्र तिथे लहान करूनच पुढे जाते. पाच एमबीचे छायाचित्र समोरच्याला काही शे केबीचे मिळते. ते कधी, कोणत्या कॅमेऱ्याने, कुठे काढले ही आतली माहितीही त्यातून गळते. २०२३ मध्ये ‘एचडी’चा पर्याय आला, त्यातही मूळ फाइल जशीच्या तशी जात नाही. तीच ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवली तर मात्र एकही बाइट बदलत नाही. पत्रिका छापायला, पासपोर्टच्या छायाचित्राला, जमिनीच्या कागदाची प्रत वकिलाला पाठवायला हाच मार्ग.

गूगल फोटोजमध्ये ‘स्टोरेज सेव्हर’ निवडलेले असेल तर १६ मेगापिक्सेलपेक्षा मोठी छायाचित्रे तेवढ्यावर आणली जातात आणि सगळीच थोडीबहुत दाबली जातात. मग ॲप सुचवते, फोनवरची जागा मोकळी करा. बटण दाबले की फोनवरच्या मूळ प्रती जातात आणि उरतात त्या दाबलेल्या प्रती. लग्नाची छायाचित्रे मोठ्या आकारात छापायला घेतल्यावर हे लक्षात येते, तेव्हा उशीर झालेला असतो. हा आकारातला फरक डोळ्यांचा भ्रम नाही, तो तपशील खरोखरच गेलेला असतो.

आयफोनचा आणखी एक प्रकार. २०१७ पासून तो छायाचित्रे हाइक या नव्या प्रकारात ठेवतो. ती जेपेगपेक्षा बरीच लहान असतात. विंडोज संगणकावर केबलने घेताना फोन त्यांचे जेपेग करून देतो, तेव्हा त्याच छायाचित्राचा आकार वाढलेला दिसतो. तपशील मात्र वाढलेला नसतो.

१५ जीबी इतके लवकर कसे भरतात?

गूगलचे मोफत १५ जीबी २०१३ पासून जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज या तिघांत मिळून आहेत. सुरुवातीची काही वर्षे दाबलेली छायाचित्रे या हिशेबात धरली जात नव्हती. ती सवलत १ जून २०२१ पासून बंद झाली, त्याच दिवसापासून नवे डॉक्स आणि शीट्सही मोजले जाऊ लागले. अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲपचा बॅकअपही २०१८ पासून मोफत होता, २०२४ मध्ये तोही याच १५ जीबीत आला. घरच्या, शाळेच्या, सोसायटीच्या गटांतून रोज येणारे ‘शुभ सकाळ’चे व्हिडीओ असे थेट मेलपेटीची जागा खाऊ लागले. विद्यापीठे आणि महाविद्यालयांना गूगलकडून मिळणारी अमर्याद जागाही आता राहिलेली नाही. संपूर्ण संस्थेला मिळून १०० टीबी अशी मूळ मर्यादा २०२२ पासून लागू झाली.

यातला खरा धोका छायाचित्रांचा नाही, मेलचा आहे. मर्यादा ओलांडली की जीमेलवर मेल येणे आणि जाणे थांबते. मुलाखतीचे पत्र, प्रवेश फेरीची सूचना पाठवणाऱ्याकडे परत जाते आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. आणि सलग दोन वर्षे मर्यादेबाहेर राहिल्यास मजकूर काढून टाकण्याचा अधिकार गूगलने राखून ठेवला आहे.

इथेही आकडे जुळत नाहीत, त्याची कारणे वेगळी. कचरापेटीत टाकलेल्या फाइली ३० दिवस तिथेच राहतात आणि तोवर जागेत धरल्या जातात. फोटोजच्या कचरापेटीत बॅकअप झालेली छायाचित्रे ६० दिवस राहतात. सकाळी पाच जीबी पुसले आणि संध्याकाळी जागा तेवढीच, असे वाटते ते यामुळे. उलट, दुसऱ्याने आपल्याला दाखवायला दिलेली फाइल आपल्या ड्राइव्हमध्ये दिसते, पण जागा मोजली जाते ती मालकाची.

मग अर्ज भरताना काय करावे?

बँक भरतीच्या आयबीपीएस परीक्षेचे उदाहरण घेऊ. तिथे छायाचित्र २० ते ५० केबी आणि सही १० ते २० केबी अशी अट असते. सर्व्हर हजाराने भागतो की १०२४ ने, हे अर्जदाराला कळण्याचा मार्ग नाही. म्हणून दोन्ही टोकांपासून लांब राहावे. छायाचित्राचा आकार २२ ते ४८ केबीच्या दरम्यान ठेवला तर तो फोनवर मोजला काय किंवा विंडोजवर, दोन्ही हिशेबांत अटीत बसतो. सही ११ ते १९ मध्ये ठेवावी. विंडोजच्या फोल्डरमधल्या यादीतला आकडा पूर्ण केबीत वर नेऊन दाखवलेला असतो. त्यावर विसंबू नये. प्रॉपर्टीजमध्ये कंसात पूर्ण बाइट दिलेले असतात, तो आकडा पाहावा. ५०,००० च्या आत असेल तर कुठेही चालेल.

केबी कमी करण्यासाठी तेच जेपेग पुन्हा पुन्हा दाबू नये. दर वेळी थोडा तपशील जातो आणि शेवटी चेहरा धूसर म्हणून अर्ज अडतो. मूळ छायाचित्रावरूनच एकदा लांबी-रुंदी कमी करावी. आयबीपीएसने तर छायाचित्रासाठी २०० बाय २३० पिक्सेल असे मापच दिलेले असते.

मेलचे आणखी एक गणित. मेलमधून फाइल जाताना तिचे अक्षरांत रूपांतर होते. दर तीन बाइटची चार अक्षरे होतात, त्यामुळे ती वाटेत तिसऱ्या हिश्श्याहून थोडी जास्तच फुगते. एखाद्या कार्यालयाच्या मेल सर्व्हरवर १० एमबीची मर्यादा या फुगलेल्या आकाराला लावलेली असेल तर ८ एमबीची पीडीएफही परत येते. सातच्या आत असलेली बरी.

इंटरनेटच्या वेगाचे काय?

तिथे घोळ बिट आणि बाइटचा. आठ बिटचा एक बाइट. १०० एमबीपीएसची जोडणी म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिट, म्हणजे साडेबारा मेगाबाइट. एक जीबीचा चित्रपट उतरवायला उत्तम स्थितीतही ८० सेकंद लागणार, दहा नाही. इंग्रजीत निदान लहान आणि मोठ्या ‘बी’ने हा भेद दाखवता येतो. देवनागरीत दोन्ही ‘एमबी’च. वेगाच्या जाहिरातीत बिट आणि फाइलच्या आकारात बाइट, एवढे ध्यानात ठेवले की पुरते.

फाइल तीच आहे हे ठरवायचे कसे?

केबी-एमबीवरून नाही. दोन ठिकाणच्या बाइटची पूर्ण संख्या जुळली तर फाइल बहुधा तीच आहे, पण तेवढ्याने सिद्ध होत नाही. छायाचित्रातला एक ठिपका बदलूनही बाइट तितकेच राहू शकतात. त्यासाठी ‘हॅश’ काढतात. फाइलमधील प्रत्येक बाइट विचारात घेऊन गणिताने काढलेली ही अक्षरांची ठरावीक लांबीची ओळ असते. एक बाइट जरी बदलला तरी ती पूर्ण वेगळी येते. फाइलचे नाव बदलले, ती पेनड्राइव्हवर नेली, क्लाउडवर चढवून पुन्हा उतरवली, तरी मजकूर तोच असेल तर ओळ तीच. विंडोजमध्ये ‘सर्टयुटिल’ या आज्ञेने ती काढता येते, फोनसाठीही मोफत ॲप मिळतात.

हे आता केवळ तंत्रज्ञांपुरते राहिलेले नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंद पुरावा म्हणून न्यायालयात सादर करताना जोडायच्या प्रमाणपत्रात हॅश आणि तो कोणत्या पद्धतीने काढला हे नमूद करावे लागते. भाडेकरार, अपघाताचा व्हिडीओ, धमकीचा आवाज असे काही जपून ठेवायचे असेल तर व्हॉट्सॲपवरून फिरवलेली प्रत आणि फोनमधली मूळ फाइल यांचे हॅश जुळत नाहीत. म्हणून मूळ फाइल मूळ फोनमध्येच राहू द्यावी, ‘जागा मोकळी करा’चे बटण त्याआधी दाबू नये आणि वकिलाला प्रत द्यायची तर ती डॉक्युमेंट म्हणून किंवा केबलने द्यावी.